झडतीमागचा इतिहास

एखादी आजी परदेशी असलेल्या लेकाकडे पहिल्यांदाच विमानाने निघते. हातातल्या पिशवीत डिंकाच्या लाडवांचा डबा असतो. पिशवी यंत्रातून जाते, पण बाहेर येताच बाजूला काढली जाते. गणवेशातला जवान म्हणतो, "आजी, हा डबा उघडून दाखवा." आजी मनातून दुखावते. जन्मभर कुणाच्या काडीलाही हात लावला नाही, आणि आज माझ्या लाडवांची झडती!

श्रोते हो, आजीचं वाईट वाटणं रास्त आहे. पण त्या जवानाच्या हुकमामागे अर्ध्या शतकाचा इतिहास उभा आहे. तो ऐकला म्हणजे हुकूम तोच राहतो, त्याचा सल मात्र निघून जातो.

एक काळ असा होता की विमानात बसणं हे आगगाडीत बसण्यासारखंच होतं. तिकीट दाखवावं आणि चढावं. अमेरिकेत १९६०नंतर विमानं पळवून क्यूबाला नेण्याचे प्रकार सुरू झाले. १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत तिथे विमान पळवण्याचे शंभराहून अधिक प्रकार घडले. तरीही कंपन्या तपासणीला राजी नव्हत्या. सभ्य गिऱ्हाइकाच्या खिशात हात घातला तर ते पुन्हा येईल का, ही त्यांची धास्ती! मग नोव्हेंबर १९७२मध्ये काही माथेफिरूंनी एक विमान पळवलं आणि ते अणुभट्टीवर आदळण्याची धमकी दिली. तेव्हा कुठे डोळे उघडले. ५ जानेवारी १९७३पासून अमेरिकेत प्रत्येक उतारूची आणि त्याच्या हातातल्या सामानाची तपासणी सक्तीची झाली.

आपल्याकडे ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेलं 'गंगा' नावाचं विमान लाहोरला पळवून नेलं गेलं आणि तिथे जाळलं गेलं. पळवणाऱ्यांजवळची शस्त्रं नकली होती, हे मागाहून उघड झालं. डिसेंबर १९७८मध्ये लखनौहून दिल्लीला जाणारं विमान दोघा तरुणांनी वाराणसीला नेलं, तेही खेळण्यातल्या पिस्तुलाच्या धाकावर! नातवाचं प्लास्टिकचं पिस्तूल हातातल्या पिशवीतून नेऊ देत नाहीत, याचं नवल वाटायला नको. आकाशात खरं-खोटं पारखायला सवड कुणाला असते?

आता या इतिहासातलं सर्वांत दुःखद पान. २३ जून १९८५. एअर इंडियाचं 'कनिष्क' हे विमान कॅनडाहून लंडनमार्गे दिल्लीला येत होतं. आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ, एकतीस हजार फुटांवर, सामानातल्या बाँबचा स्फोट झाला आणि ३२९ माणसं समुद्रात गेली. उन्हाळ्याच्या सुटीत आजी-आजोबांना भेटायला निघालेली कितीतरी मुलं त्यांत होती.

हा बाँब विमानात आला कसा? व्हँकुव्हरच्या विमानतळावर एका माणसाने हुज्जत घालून आपली बॅग पुढच्या विमानांसाठी नोंदवली. बॅग गेली, माणूस मात्र विमानात चढलाच नाही. टोरांटोला सामान तपासणारं क्ष-किरण यंत्र ऐन वेळी बंद पडलं. मग हातात धरायच्या एका उपकरणाने काम भागवलं गेलं. एका बॅगेपाशी ते बारीकसं वाजलंही. पण असा आवाज आला तर काय करायचं, हे त्या कामगारांना नीट शिकवलेलंच नव्हतं. ती बॅग पुढे गेली. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर दुसरी एक बॅग फुटून सामान वाहणारे दोन कामगार ठार झाले. तीही एअर इंडियाच्याच विमानासाठी निघाली होती.

या घटनेनंतर जगाने एक नियम मनावर घेतला : बॅगेचा धनी विमानात नसेल, तर बॅगही विमानात राहता कामा नये. एखादा उतारू ऐन वेळी आला नाही की विमान थांबतं, पोटातून त्याचं सामान काढलं जातं. आपण घड्याळ पाहून चडफडतो. त्या वेळी 'कनिष्क'ची आठवण ठेवावी.

पुढचे नियमही असेच आले. १९७८मध्ये स्थापन झालेला नागरी विमान सुरक्षेचा विभाग १९८७मध्ये स्वतंत्र झाला. डिसेंबर १९९९मध्ये काठमांडूहून निघालेलं विमान कंदाहारला नेलं गेलं आणि ओलिसांच्या बदल्यात तीन अतिरेकी सोडावे लागले. त्यानंतर फेब्रुवारी २०००पासून, जयपूरपासून सुरुवात करून, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल विमानतळांवर आलं. ऑगस्ट २००६मध्ये सरबताच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेण्याचा कट लंडनला उघडकीस आला, आणि परदेशी जाताना हातातल्या सामानात शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली नको, असं ठरलं.

तेव्हा प्रवासाला निघताना इतकं ध्यानात असू द्या. दारातच तिकीट आणि ओळखपत्र पाहतात. सुरी, कात्री, अडकित्ता मोठ्या बॅगेत ठेवावा. मोबाइलला वीज पुरवणारी पॉवर बँक मात्र मोठ्या बॅगेत चालत नाही, ती हातातल्या पिशवीतच हवी. काडेपेटी घरीच ठेवावी. सुकं खोबरंही मोठ्या बॅगेत नको, कारण त्यातलं तेल पेट घेतं. आत गेल्यावर पिशवी, मोबाइल, पाकीट तबकात ठेवायचं आणि धातू ओळखणाऱ्या चौकटीतून चालत जायचं. बायकांची तपासणी आडोशाला, बायकाच करतात. हृदयाला यंत्र बसवलेलं असेल, तर आधीच सांगावं. आणि बाँबचं नाव थट्टेतही काढू नये, फार महागात पडतं!

राहता राहिले आजीचे लाडू. क्ष-किरणांच्या पडद्यावर धातू निळा दिसतो, तर अन्न, कागद, साबण असल्या वस्तू नारिंगी दिसतात. पंचाईत अशी की बरीचशी स्फोटकंही नारिंगीच दिसतात. तूप-डिंकाचा घट्ट लाडू आणि स्फोटकाचा गोळा यांतला फरक यंत्राला कळेलच असं नाही. तो माणसालाच डबा उघडून पाहावा लागतो.

शिक्षक बंधुभगिनींनी हे मुलांना जरूर सांगावं. टोरांटोला यंत्र बंद पडलं, पण घात तेवढ्यानेच झाला नाही. उरलेल्या उपकरणाने बारीक का होईना, आवाज दिला होता. तो ऐकून थांबणारं कुणी नव्हतं. आज आजीचा डबा उघडायला लावणारा जवान निदान थांबला आहे. त्याच विमानात आजीही बसणार आहे. तेव्हा आजी, डबा उघडा, आणि झाकण नीट लावून सुखाने लेकाकडे जा.