एव्हलिन कॅमेरॉन : माळरानावरील छायाचित्रकार

अमेरिकेतील मोंटाना राज्याच्या पूर्व भागात टेरी हे छोटेसे गाव आहे. तेथील गुराखी, मेंढपाळ आणि नवागत शेतकरी कुटुंबांचे शतकापूर्वीचे जीवन आज डोळ्यांसमोर उभे राहते, ते प्रामुख्याने एव्हलिन कॅमेरॉन (१८६८–१९२८) यांच्या छायाचित्रांमुळे.

इंग्लंडमधील एका सधन घराण्यात जन्मलेल्या एव्हलिन पक्षिनिरीक्षक पती इवेन यांच्यासह मोंटानात स्थायिक झाल्या. पोलोचे घोडे पैदा करून इंग्लंडला विकण्याचा या दांपत्याचा बेत पुरता फसला. चरितार्थासाठी पैसे देऊन राहणारे पाहुणे घरी ठेवावे लागले; त्यांच्यापैकीच एकाने १८९४ मध्ये एव्हलिन यांना छायाचित्रणाची ओळख करून दिली.

त्या काळी छायाचित्रण म्हणजे नाजूक काचपट्ट्यांचा व्यवहार. अवजड कॅमेरा घेऊन त्या घोड्यावरून मैलोन् मैल जात. स्त्रियांनी घोड्यावर एका बाजूला पाय सोडून बसण्याचा शिरस्ता त्यांनी मोडला. दुभागलेला घागरा घालून पुरुषांप्रमाणे घोडदौड करीत माइल्स सिटीत गेल्यावर त्यांना अटकेची ताकीद मिळाली होती. धावत्या संसाराला हातभार म्हणून त्या छायाचित्रे विकत, दर प्रतीस २५ सेंट. त्यामुळे 'हौशी' हे विशेषण त्यांना काहीसे अपुरेच पडते. इवेन यांच्या पक्षिविषयक लेखांनाही त्यांच्याच छायाचित्रांची जोड असे.

१८९३ पासून अखेरपर्यंत त्यांनी रोजनिशी लिहिली. गाई दोहणे, पाव भाजणे, भाजीपाला पिकवून विकणे आणि काचपट्ट्या धुणे या साऱ्या कामांच्या नोंदी तीत सारख्याच निर्विकारपणे येतात. श्रमाचा कंटाळा त्यांना नव्हता. १९१५ मध्ये इवेन यांचे निधन झाले, तरी त्या इंग्लंडला परतल्या नाहीत. एकटीने शेती सांभाळली आणि १९१८ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले.

त्यांच्या मृत्यूनंतर हा सारा ठेवा जॅनेट विल्यम्स या मैत्रिणीने सुमारे अर्धशतक घराच्या तळघरात जपून ठेवला. १९७०च्या दशकाअखेर संपादिका डोना लूसी तेथवर पोहोचल्या आणि १९९० मध्ये त्यांचा चरित्रग्रंथ प्रसिद्ध झाला. मोंटानाच्या इतिहास संस्थेकडे हा संग्रह असून टेरी येथे कॅमेरॉन यांच्या छायाचित्रांचे दालन आहे.