पुढच्या चाकांवरचें ओझें

बार्शी टाउन आणि बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, यांमधील अरुंद मापाचा लोहमार्ग १८९७ सालीं सुरू झाला. त्याचे योजक एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांचा एका गोष्टीविषयीं मोठा आग्रह होता. रुळांमधील अंतर अडीच फूटच असो, पण कोणत्याहि एका आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं नये, आणि तो सर्व आंसांवर सारखा वांटला जावा. याच रेल्वेच्या मक्त्यांतून सोलापूरचे वालचंद हिराचंद दोशी हे लक्ष्मणराव फाटक या माजी रेल्वे कारकुनाच्या भागीदारींत बांधकामाच्या धंद्यांत शिरले. आंसावरील भार किती व कोठें, हा प्रश्न या गृहस्थांच्या जवळपास पुढेंहि वावरत राहिला, ही मौजेचीच गोष्ट म्हणावयाची.

वालचंदांचा जन्म १८८२ सालचा. जहाजें आणि विमानें यांच्या उद्योगांत हात घातल्यावर त्यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीशीं करार होऊन मुंबईजवळ कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ सालीं गाड्या बाहेर पडूं लागल्या. १९५३ सालीं वालचंद निवर्तले. पुढच्याच वर्षीं इटलींतील फियाट ११०० ही गाडी कुर्ल्यास तयार होऊं लागली. हीच पुढें प्रीमियर पद्मिनी या नांवानें घरोघर परिचित झाली. तिची पुढची चाकें ज्या रीतीनें टांगलेलीं होतीं, त्या रीतीमागें दीडशें वर्षांचा इतिहास होता.

बैलगाडीला कमानी नसतात. दगडावर चाक चढलें कीं आंस चढतो, आंस चढला कीं साटी चढते, आणि साटींतील माणूस देवाचें नांव घेतो. इंग्लंडांत ओबडाया इलियट यानें १८०४ सालीं पोलादी पट्ट्यांच्या कमानींचें पेटंट घेतलें, तेव्हांपासून घोडागाडींत बसणें सुसह्य झालें. गाडी वळवितांना दोन्ही पुढच्या चाकांनीं निरनिराळ्या कोनांत वळावें, ही म्यूनिकच्या लांकेनस्पर्गरची कल्पना. तिचें पेटंट मात्र १८१८ सालीं लंडनच्या आकरमानच्या नांवावर झालें, आणि जगानें नांवहि आकरमानचेंच लक्षांत ठेवलें! १९०८ च्या फोर्डच्या मॉडेल टी गाडींत पुढचा आंस अखंड होता व त्यावर एकच आडवा पाटा. एक चाक खड्ड्यांत गेलें कीं दुसरेंहि कलत असे. हा दोष घालविण्यासाठीं प्रत्येक चाक स्वतंत्र टांगण्याचे प्रयोग झाले. १९२२ सालीं लान्सियाची लाम्ब्डा आली, आणि १९३४ सालीं अमेरिकेच्या कांहीं मोठ्या कारखान्यांनीं दोन दुबेळक्या भुजा व मध्यें वेटोळी स्प्रिंग ही पद्धत स्वीकारली. कुर्ल्याच्या फियाटच्या पुढच्या चाकांना हीच रचना होती. मागें मात्र अखंड आंस आणि पाटे.

ही सगळी प्रगति सुखानें बसण्यासाठीं झाली. पण कॅलिफोर्नियांतील तरुणांना सुखाची फिकीर नव्हती. कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या पात्रांत ते जुन्या फोर्ड गाड्या पळवीत. महायुद्धानंतर सैन्याच्या ओस पडलेल्या धावपट्ट्याहि त्यांना मिळाल्या. पाव मैलाचें, म्हणजे ४०२ मीटरांचें अंतर, उभ्या जागेवरून, सरळ रेषेंत कोण आधीं कापतो? अशा शर्यतींची शिस्त लावण्यासाठीं वॉली पार्क्स यांनीं १९५१ सालीं नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. शिस्तीची गरज खरीच होती, कारण तोंवर या शर्यती शहराच्या रस्त्यांवरहि होत आणि त्यांत माणसें मरत.

उभ्या जागेवरून जोरानें सुटणाऱ्या गाडीचें नाक वर उचलतें आणि भार मागच्या चाकांवर जातो. इंजिनाची शक्ति मागच्या चाकांनींच जमिनीस लागत असेल, तर हा भार तेथें हवाच. नाहींतर टायर जागीं फिरून नुसता धूर काढतात. पद्मिनीच्या दोन आंसांमधील अंतर २३४ सेंटिमीटर. गाडी माणसासह ९०० किलोची धरूं, गुरुत्वमध्य ५२ सेंटिमीटर उंच मानूं, आणि इंजिन बदलून वेग गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या दरानें वाढतो असें समजूं. तर पुढून मागें जाणारा भार बरोबर १०० किलो भरतो. हा हिशेब शाळकरी मुलानेंहि करावा असा सोपा आहे. त्यांत स्प्रिंगचें नांवहि नाहीं, हें मात्र अनेक हौशी लोक विसरतात. मऊ स्प्रिंगेमुळें मागें जाणारा भार फारसा वाढत नाहीं. पुढच्या स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बर ठरवितात तें हें कीं, तो भार किती लवकर आणि किती सुरळीत मागें जाईल. १९६० च्या सुमारास अमेरिकेंत गाडीचें नाक मुद्दाम उंच करून जुन्या पद्धतीचा अखंड आंस खालीं बसविण्याची टूम निघाली. गुरुत्वमध्य वर गेल्यानें थोडा लाभ होई; पण वेग वाढल्यावर गाडी सरळ ठेवणें म्हणजे तारेवरची कसरत.

म्हणून पुढचा भाग लावण्याचें शास्त्र हळूहळू बदललें. स्प्रिंग लांब व मऊ घ्यावयाची, म्हणजे गाडी उभी असतांनाच ती बरीच दबलेली राहते आणि सुटतांना नाक सहज उचलतें. शॉकॲब्सॉर्बर वर जातांना ढिला आणि खालीं येतांना घट्ट, म्हणजे उचललेलें नाक धपकन् आदळत नाहीं. नाकानें किती उठावें याला पट्ट्याची मर्यादा. चाकाच्या खुंटाचा माथा मागें थोडा अधिक कलविला कीं गाडी सरळ धांवते. पण बाजारांतल्या गर्दींत सुकाणू जड लागतें. सगळ्यांत कपटी गोष्ट पुढच्या चाकांच्या समांतरतेची. सुकाणूची दांडी आणि भुजा निरनिराळ्या वर्तुळांत फिरत असतील, तर नाक उचलतांच चाकें आपोआप आंत किंवा बाहेर वळतात, चालकानें चाकाला हातहि न लावतां. त्यामुळें समांतरता गाडी जमिनीवर असतां एकदां आणि नाक उचलून पुन्हा एकदां मोजावी लागते. हें दुसरें मोजमाप टाळणाऱ्यांनीं पुष्कळ गाड्या भिंतींत घातल्या आहेत.

धावपट्टीवरच राहणाऱ्या गाडीला एवढें पुरतें. तीच गाडी घरीं चालवीत न्यावयाची असेल, तर अडचण निराळी. पाव मैल संपल्यावर ब्रेक लावतांच भार उलटा पुढें येतो, आणि मऊ स्प्रिंगेवर नाक खालीं बसतें. पुणें-सोलापूर रस्त्यावर समोर अचानक उसाची बैलगाडी आली तर हेंच होतें, फक्त तेथें मोकळी धावपट्टी नसते. याकरितां बाहेरून फिरवून घट्ट-ढिले करतां येणारे शॉकॲब्सॉर्बर निघाले. कारखानदारानें मुळांत ठरविलेल्या तपशिलाहून नोंदणींतील तपशील बदलेल असा फेरफार भारतांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम करूं देत नाहीं, आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणें १८९ व्या कलमाखालीं गुन्हा आहे. हौस फेडावयाची ती धावपट्टीवरच. मद्रासेजवळच्या शोलावरम् येथील युद्धकालीन विमानतळावर पूर्वीं फियाट गाड्या शर्यतींत धांवल्या. अलीकडे लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती झाल्या आहेत.

मुंबईंत टॅक्सी म्हणून पद्मिनीचा शेवट २०२३ सालीं झाला. जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांच्या गॅरेजांत मात्र ती अजून आहे. वालचंदांच्या कारखान्यांतून बाहेर पडलेल्या त्या दुबेळक्या भुजांखालचे झिजलेले बुश बदलून चाकांची समांतरता पुन्हा लावणारे कारागीर तिच्या मालकांना आजहि शोधावे लागतात.