माहूरचा मुक्काम

दत्तात्रेय आंघोळीला काशीला जातो, भिक्षेला कोल्हापूरला आणि झोपायला माहूरला येतो, हे आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असतं. नांदेडच्या शाळेत इतिहास शिकवताना मी ही गोष्ट वर्गात सांगत असे, पण तिच्यात माहूरचा सगळा इतिहास दडला आहे हे मला नोकरी संपल्यावर, सवडीनं वाचायला लागल्यावर उमगलं. बाकीच्या क्षेत्री देव दिवसा असतो. माहूरला तो रात्री असतो.

म्हणून आजकालची माहूरची वारी बघून मला वाईट वाटतं. नांदेडहून पहाटे गाडी काढायची, हदगाव-उमरखेडवरून सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर तोडायचे, रेणुकेच्या पायऱ्या चढायच्या, तांबुलाचा प्रसाद घ्यायचा, गाडी थेट दत्तशिखरावर न्यायची, अनसूयेला हात जोडायचे आणि दिवेलागणीला घरी. लातूर-उदगीरकडची मंडळी तर याहून घाईत असतात. दर्शन होतं, यात शंका नाही. मठ मात्र दिसत नाही.

दत्तशिखरावर देऊळ आहे तसा मठही आहे, दशनामी गोसाव्यांचा. तीर्थ, आश्रम, वन, अरण्य, गिरी, पर्वत, सागर, सरस्वती, भारती, पुरी ही संन्याशांची दहा नावं. शिखरावरच्या महंतांच्या नावापुढे ‘भारती’ लागतं. माझं माहेर उदगीरचं. तिथल्या किल्ल्यात उदागीर बाबांचं स्थान आहे आणि गावाचं नाव त्यांच्यावरूनच पडलं असं गावकरी सांगतात, त्यामुळे ‘गिरी’ मी परकराच्या वयापासून ऐकत आले. मराठवाड्याच्या इतिहासात राजे येतात, सुभेदार येतात, निजाम येतो. गोसावी येतच नाहीत. आणि हे लोक काही नुसते अंगाला राख फासून बसलेले नव्हते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात गोसाव्यांचे तांडे काशीपासून दक्षिणेपर्यंत व्यापार करत, हुंड्या वटवत, फौजेत लढत. हैदराबादच्या बेगमबाजारात त्यांच्या सावकारी पेढ्या होत्या. संन्याशानं एका जागी राहू नये, पावसाळ्याचे चार महिने तेवढे थांबावं, हा नियम. पण फिरणाऱ्यांना पाठ टेकायला जागा हवी, ती जागा सांभाळायला कोणीतरी कायमचं हवं. त्यातून मठ उभे राहिले. फिरत्या देवाचा मुक्काम आणि फिरत्या संन्याशांचा मुक्काम एकाच डोंगरावर असावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

माझा पुतण्या मध्यंतरी रोमला गेला होता, तेव्हा मॉन्टे कॅसिनोचे फोटो त्यानं पाठवले. तोही डोंगरमाथ्यावरचा मठ, रोमपासून साधारण नांदेड-माहूरइतक्याच अंतरावर, सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनं स्थापलेला. १५ फेब्रुवारी १९४४ ला दोस्त राष्ट्रांच्या बाँबफेकीत तो जमीनदोस्त झाला आणि पुन्हा जसाच्या तसा बांधला गेला. तिथंही लोक आता एका दिवसात जाऊन येतात. बेनेडिक्टनं आपल्या संन्याशांसाठी नियमांची पोथी लिहिली, त्यात ७३ प्रकरणं आहेत आणि ५३ वं पाहुण्यांविषयी आहे: दारी आलेल्याचं स्वागत साक्षात ख्रिस्त आला असं समजून करावं. आपल्याकडचा गोसावी फिरतो आणि त्यांचा संन्यासी एकाच मठात आयुष्यभर राहायची शपथ घेतो, इतका उलटा स्वभाव. तरी दारातल्या माणसाला आत घ्यायचं, हे दोन्हीकडे सारखं.

माहूरला कोण कोण राहून गेलं ते पाहा. महानुभाव पंथाच्या परंपरेत फलटणचे चक्रपाणी ऊर्फ चांगदेव राऊळ या डोंगरावर आले, तेव्हा श्रीदत्तात्रेय प्रभूंनी वाघाच्या रूपात येऊन त्यांच्या मस्तकावर पंजा ठेवला. चक्रपाणींकडून रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंना, त्यांच्याकडून चक्रधरांना शक्ती मिळाली, असं ते मानतात. चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकात गोळा केल्या, तो लीळाचरित्र हा मराठीतला आद्य गद्यग्रंथ. म्हणजे आपल्या मराठी गद्याची एक मुळी माहूरच्या जंगलात निघते. महानुभावांच्या सातीग्रंथांतलं सह्याद्रीवर्णन याच दत्तात्रेय प्रभूंचं आणि याच डोंगराचं. गावातलं देवदेवेश्वरीचं स्थान त्यांना आजही तितकंच पवित्र आहे. दत्त एकच, पण शिखरावर तो गोसाव्यांच्या रीतीनं पुजला जातो आणि पायथ्याशी महानुभावांच्या. आलेल्या माणसांना ही दोन्ही ठिकाणं दाखवा असं मी नेहमी सांगते, बहुतेक जण दुसऱ्याला जात नाहीत.

पुढे दासोपंत. जन्म १५५१, बिदरच्या मुलखातल्या नारायणपेठेतला, देशपांड्यांच्या घराण्यातला. त्यांनी घर सोडलं आणि माहूरला बारा वर्षं तप केलं, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. नंतर ते अंबाजोगाईला राहिले, १६१५ मध्ये तिथंच गेले. त्यांची पासोडी, म्हणजे सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर लिहिलेला पंचीकरणाचा ग्रंथ, अंबाजोगाईत आहे. लातूरकरांना ते गाव हाकेच्या अंतरावर. मी मुलांना सांगायची, पासोडी पाहा आणि मग माहूर पाहा, या क्रमानं.

माहूरच्या किल्ल्याची गोष्टही मुक्कामांचीच. पैनगंगेनं वेढलेला हा गड बहमनी काळात इतक्या मोलाचा होता, की महमूद गावाननं वऱ्हाडचे दोन भाग केले तेव्हा एकाचं ठाणं गाविलगड आणि दुसऱ्याचं माहूर झालं. १६२३ मध्ये शाहजादा खुर्रम, पुढचा शहाजहान, बापाविरुद्धचं बंड फसल्यावर दक्षिणेत पळाला, तेव्हा हत्ती आणि जड सामान त्यानं माहूरला उदाराम देशमुखांच्या हवाली केलं. त्याच घराण्यातली रायबाघन मोगलांच्या बाजूनं लढली. १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखान शिवाजी महाराजांच्या कोंडीत सापडला, तेव्हा शरण जाण्याचा शहाणा सल्ला तिनंच दिला. लढवय्या बाईचं हे गाव, आणि देवीचंही.

माझ्या सासूबाई लग्नानंतर पहिल्यांदा माहूरला गेल्या तेव्हा राज्य निजामाचं होतं. माहूर किनवट तालुक्यात आणि किनवट आदिलाबाद जिल्ह्यात. १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा किनवट नांदेडात आलं. पैनगंगेपलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा अंमल. तिकडची माणसं नदी ओलांडून मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, दर्शनाला येत. सासूबाई बैलगाडीनं गेल्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पांघरुणं बरोबर. उतरायचं क्षेत्रोपाध्यायांच्या वाड्यावर. एका दिवशी रेणुका, दुसऱ्या दिवशी दत्त, तिसऱ्या दिवशी अनसूया. खलबत्त्यात विडा कुटल्याचा आवाज पहाटेच कानावर येई. ‘मायबाई, डोंगरावर जाऊन पळत खाली यायचं नसतं,’ असं त्या मला म्हणत. त्यांच्या त्या प्रवासात साताऱ्याच्या विष्णुदासांची रेणुकेची पदं गाणाऱ्या बायका वाड्यात भेटल्या होत्या. विष्णुदासही (१८४४–१९१७) असेच आले आणि माहूरचेच होऊन गेले. त्यांचा मठ गावात आहे.

राखी पौर्णिमेच्या परिक्रमेला मात्र अजूनही माणसं जुन्या रीतीनं, पायी, रात्र जागवत डोंगराला वळसा घालतात. ती चुकवू नये.

मला एक काम व्हावंसं वाटतं. नांदेडच्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आहे. व्यंकटेश खेडगीकर हे त्यांचं पूर्वाश्रमीचं नाव. संन्यास घेऊन ते ‘तीर्थ’ झाले, दहा नावांपैकी पहिलं, आणि निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते झाले. त्यांच्या नावाच्या विद्यापीठातल्या इतिहासाच्या मुलांनी दत्तशिखराच्या महंतांची परंपरा नीट लिहून काढावी, जुनी कागदपत्रं असतील तर त्यांच्या नकला कराव्यात, आणि बैलगाडीनं माहूर केलेली जी दहा-वीस म्हातारी माणसं लोहा, मुखेड, अहमदपूरकडे अजून आहेत त्यांना बोलतं करावं. मी माझ्या सासूबाईंचं सगळं वहीत उतरवलं आहे. ज्याला हवी त्याला ती वही द्यायला मी तयार आहे.