कणगीपासून संगणकापर्यंत

मुळशी तालुक्यातले कासारसाई म्हणजे भाताचा मुलूख. या भागातल्या घरांमधून पूर्वी भात साठवायला बांबूच्या कामट्यांची, शेणमातीने सारवलेली कणगी असे. काही कणग्यांना तळाशी भोक ठेवलेले असे. त्यातला चिंधीचा बोळा काढला की दाणे वाहू लागत. कधी मात्र ते मध्येच आपोआप थांबत आणि काठीने ढोसल्याशिवाय पुन्हा सुरू होत नसत. आज कासारसाईच्याच परिसरात श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. साखर कारखान्यात गव्हाणीतून ऊस पुढे सरकतो, पट्ट्यावरून बगॅस जातो, कोठीतून साखर पोत्यात पडते. इथेही प्रश्न कणगीचाच आहे : सुटा माल केव्हा वाहतो आणि केव्हा अडतो?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मुलांना विचारून पाहा : टाकीत पाण्याची उंची दुप्पट केली तर तळावरचा दाब किती होईल? 'दुप्पट', असे उत्तर येईल आणि ते बरोबर आहे. आता पाण्याऐवजी धान्य भरा. इथे हे उत्तर चुकते. ते कसे चुकते, हे समजायला बराच काळ जावा लागला.

सुरुवात मातीपासून झाली. फ्रेंच अभियंता कूलाँ हा मार्टिनिक बेटावर किल्ल्याचे बांधकाम करीत होता. मातीच्या रेट्याने भिंती ढासळू नयेत म्हणून त्या किती जाड हव्यात, हा त्याच्यापुढचा व्यवहारी प्रश्न होता. १७७३ साली त्याने पॅरिसच्या अकादमीपुढे आपला निबंध मांडला. मातीचा ढीग स्वतःच्या घर्षणावर उभा असतो, हा त्यातला मुख्य विचार. विद्युतभारांचा नियम ज्याच्या नावाने आपण शिकवतो, तोच हा कूलाँ.

धान्याच्या कोठाराची मोजमापे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. १८८२ ते १८८४ या काळात ब्रिटनमध्ये आयझॅक रॉबर्ट्स यांनी उंच कोठ्यांत गहू भरून दाब मोजला. ठराविक उंचीनंतर कितीही गहू ओतला तरी तळावरचा दाब जवळजवळ वाढत नाही, असे त्यांना आढळले. याच रॉबर्ट्स यांनी १८८८ साली देवयानी तारकाविश्वाचे प्रसिद्ध छायाचित्र घेतले. पुढे १८९५ मध्ये जर्मन अभियंता यान्सेन याने असेच प्रयोग करून त्यामागचे गणित दिले.

यान्सेनचा विचार वर्गात सांगण्याजोगा आहे. दाणे एकमेकांना खाली दाबतात, तसे बाजूलाही ढकलतात. बाजूला ढकलल्यामुळे ते भिंतीवर रेटले जातात. रेटा आला की घर्षण आले आणि हे घर्षण दाण्यांना वर धरून ठेवते. म्हणजे धान्याचे बरेचसे वजन तळ नव्हे, तर भिंत पेलते. ४ मीटर व्यासाची कोठी घेऊ. भिंतीचा घर्षणांक ०.४ आणि आडव्या व उभ्या दाबांचे गुणोत्तर ०.५ धरू. व्यासाला या दोन अंकांच्या गुणाकाराच्या चौपटीने, म्हणजे ०.८ ने भागले की ५ मीटर येतात. कोठी २० मीटर भरली तरी तळावरचा दाब ५ मीटर धान्याच्या साध्या वजनाइतक्या मर्यादेपलीकडे जात नाही.

यात आनंद आहे तसा धोकाही आहे. तळ वाचला, पण भार भिंतीवर आला. शिवाय यान्सेनचे गणित स्थिर धान्याचे आहे. माल काढू लागले की भिंतीवरचा दाब काही ठिकाणी एकदम वाढतो. १९६०च्या दशकात अमेरिकेत अँड्र्यू जेनिके यांनी वाहत्या मालाचा पद्धतशीर अभ्यास केला. तळाचा उतार आणि तोंडाची रुंदी किती ठेवली तर माल अडणार नाही, हे काढण्याची रीत त्यांनी घालून दिली. अडलेल्या मालाची कमान होते. खाली पोकळी तयार होते, वरून मात्र सारे भरलेले दिसते. अडलेला माल मोकळा करायला कोणी त्यावर उतरला आणि कमान कोसळली, तर माणूस काही क्षणांत धान्याखाली गाडला जातो. असे मृत्यू जगभर झाले आहेत. कणगीतली काठी कोठारात माणसाच्या जिवावर बेतते.

जेनिकेंचे गणित मालाला सलग पदार्थ मानते. एकेका दाण्याचा हिशेब मांडण्याची पद्धत पीटर कंडॉल यांनी १९७१ मध्ये प्रथम खडकांच्या तुकड्यांसाठी सुचवली. १९७९ मध्ये ओटो स्ट्रॅक यांच्यासह त्यांनी ती कणांसाठी मांडली. कल्पना साधी आहे. दोन दाणे टेकले की त्यांच्यामध्ये एक स्प्रिंग आहे असे मानायचे. त्यात ऊर्जा शोषणारा दट्ट्या आणि घर्षण मिळवायचे. प्रत्येक दाण्यावरचे एकूण बल काढायचे, न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने त्याला किंचित पुढे सरकवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

साधी कल्पना, पण हिशेब अवाढव्य! हजार दाण्यांचे वजन २० ग्रॅम धरले तर ५० किलोच्या पोत्यात २५ लाख दाणे होतात. एका सेकंदाचे लाख भाग केले, तर १० सेकंदांच्या प्रवाहाला १० लाख पायऱ्या लागतात. म्हणजे एकेका दाण्याला पुढे सरकवण्याचे काम अडीच लाख कोटी वेळा करायचे. म्हणूनच हे काम अनेक प्रोसेसरांमध्ये वाटून द्यावे लागते. याच तत्त्वावर पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. प्रयोगाच्या बाजूनेही आपल्याकडे चांगले काम झाले आहे. मुंबईच्या आयआयटीत देवांग खख्खर आणि आशिष ओरपे यांनी फिरत्या नळकांड्यातील कणांच्या प्रवाहावर केलेले संशोधन २००१ मध्ये प्रसिद्ध झाले.

डॉक्टरेटनंतरची काही वर्षे मीही अशाच अनुकरणात घालवली. माझे दाणे गोल होते, कारण गोलांची टक्कर तपासणे सोपे. पडद्यावरचा ढीग मात्र खऱ्या भाताच्या ढिगापेक्षा बसका होई, कारण गोल घरंगळतात आणि लांबट दाणा अडकतो. मग मी दाण्यांच्या घरंगळण्याला विरोध वाढवत गेलो आणि ढीग जुळला. मला फार आनंद झाला. पण ढीग जुळेपर्यंत आकडे बदलायचे आणि मग तोच ढीग पुरावा म्हणून दाखवायचा, ही परीक्षा नव्हेच. तेच आकडे घेऊन कोठीतून बाहेर पडणारा माल मोजला, तेव्हा संगणक आणि तराजू यांचे जमले नाही. कंडॉल-स्ट्रॅक यांनीही आपले निष्कर्ष आधी झालेल्या प्रत्यक्ष प्रयोगाशी ताडून पाहिले होते, हे मला तेव्हा नीट आठवले. 'माल अडणार नाही' हे संगणकाचे उत्तर चुकले, तर काठी घेऊन कोणाला तरी आत उतरावे लागते.

यान्सेनचा प्रयोग शाळेत करता येतो. ५ सेंटिमीटर व्यासाचा, दीड फुटी प्लॅस्टिक पाइप स्टँडला घट्ट बांधा. त्याचे खालचे तोंड वजनकाट्याच्या ताटलीला टेकू नये, पण फटीतून तांदूळही निसटू नये. मग शंभर-शंभर ग्रॅम तांदूळ ओतत काट्यावरचा आकडा लिहीत जा. अर्धा किलो ओतल्यावर काटा किती दाखवील, याचा अंदाज मुलांना आधी वहीत लिहायला सांगा. उरलेले वजन कुठे गेले हे त्यांनी विचारले, की पाइपला हळूच हात लावून दाखवा आणि उत्तर त्यांनाच शोधू द्या.