जयाबेन देसाई : कोपराचा मध आणि दोन वर्षांचा संप

लंडनच्या विलस्डेन भागात ग्रनविक नावाचा कारखाना होता. टपालाने येणारे फिल्मचे रोल धुऊन छायाचित्रे परत पाठवणे हा त्याचा धंदा. २० ऑगस्ट १९७६ च्या संध्याकाळी घरी निघण्याच्या बेतात असलेल्या जयाबेन देसाई यांना जादा कामासाठी थांबण्याचा हुकूम झाला. त्यांनी तो मानला नाही. हा कारखाना नसून प्राणिसंग्रहालय आहे, आणि इथे बोटांवर नाचणारी माकडे असतात तसे डोके फोडणारे सिंहही असतात, असे व्यवस्थापकाला सुनावून त्या बाहेर पडल्या. तिथेच कामाला असलेला त्यांचा मुलगाही त्यांच्यामागे निघाला.

जयाबेन यांचा जन्म १९३३ चा, गुजरातमधील चरोतर भागातल्या धर्मज गावचा. १९५५ मध्ये सूर्यकांत देसाई यांच्याशी विवाह झाला. टांगानिकात (आजचा टांझानिया) संसार झाला आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस हे कुटुंब ब्रिटनला आले. पूर्व आफ्रिकेत सुस्थितीत असलेल्या अनेक गुजराती कुटुंबांच्या वाट्याला तिथे कारखान्यातली मजुरी आली. जयाबेन यांनी दोन मुलांचे संगोपन करीत आधी शिवणकाम केले, मग ग्रनविकमध्ये नोकरी धरली. स्वच्छतागृहात जाण्यासाठीही हात वर करून परवानगी मागावी लागते, ही तिथल्या स्त्रियांची तक्रार पगाराच्या तक्रारीइतकीच तीव्र होती.

बाहेर पडलेल्या या कामगारांना कामगार संघटना म्हणजे काय, हेही नीट ठाऊक नव्हते. चौकशी करून त्यांनी 'एपेक्स' या संघटनेचे सदस्यत्व घेतले. संपकऱ्यांची संख्या १३७ वर गेली आणि मालकाने सर्वांना कामावरून काढून टाकले. संघटनेला मान्यता आणि कामावर परत घेणे, एवढीच मागणी होती. पाच फुटांहून कमी उंचीच्या, साडी नेसून हातात पर्स घेतलेल्या जयाबेन ऊनपावसात कारखान्याच्या दारात उभ्या राहू लागल्या. बायकांच्या घरी जाऊन सासरच्यांची समजूत घालण्याचे कामही त्यांच्याकडेच आले. संपाच्या इतिहासात या कामाची नोंद फारशी होत नाही. पण त्याशिवाय दारात उभे राहायला कोण आले असते?

१९७४ मध्ये लेस्टरच्या इंपीरियल टाइपरायटर्समधील आशियाई कामगारांना त्यांच्याच संघटनेने साथ दिली नव्हती. १९६८ मध्ये लंडनच्या गोदी कामगारांनी स्थलांतरविरोधी नेते इनॉक पॉवेल यांच्यासाठी मोर्चा काढला होता. ग्रनविकच्या दारात मात्र गोदी कामगारही आले, यॉर्कशायरचे खाणकामगारही आले. क्रिकलवूडच्या टपाल कर्मचाऱ्यांनी कारखान्याची टपाल हाताळण्यास नकार दिला. ११ जुलै १९७७ रोजी सुमारे २० हजार लोक जमले होते.

तरीही मालक जॉर्ज वॉर्ड नमले नाहीत. संपकऱ्यांना परत घ्यावे, ही न्यायमूर्ती स्कारमन यांच्या चौकशी समितीची शिफारस त्यांनी धुडकावली. डिसेंबर १९७७ मध्ये लॉर्ड्सचा निकालही त्यांच्याच बाजूने लागला. कामगार महासंघाचा उत्साह तोवर ओसरला होता. नोव्हेंबर १९७७ मध्ये जयाबेन आणि तीन सहकारी महासंघाच्याच मुख्यालयासमोर उपोषणाला बसले, तेव्हा एपेक्सने त्यांचे सदस्यत्व निलंबित केले. संघटनांचा पाठिंबा म्हणजे कोपराला लावलेला मध, अशी टीका जयाबेन यांनी केली : वास येतो, दिसतो, पण चाखता येत नाही. कोपराला गूळ लावणे म्हणणाऱ्या मराठी वाचकाला याचा अर्थ सांगायला नको.

१४ जुलै १९७८ रोजी संप मागे घेण्यात आला. एकही संपकरी कामावर परत गेला नाही. कारखान्यात राहिलेल्यांचे पगार मात्र संपाच्या काळात वाढले होते, आणि त्याचे श्रेय जयाबेन आपल्या सहकाऱ्यांना देत असत.

पुढे त्या हॅरो येथील महाविद्यालयात आशियाई पद्धतीचे शिवणकाम शिकवू लागल्या. साठाव्या वर्षी मोटार चालवण्याचा परवाना मिळवला आणि इतर स्त्रियांनाही तो घ्यायला लावले. नवऱ्यावर किंवा मुलावर अवलंबून राहायचे नाही, हा त्यामागचा हट्ट. २३ डिसेंबर २०१० रोजी त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये बीबीसी रेडिओच्या 'वुमन्स अवर' या कार्यक्रमाने गेल्या ७० वर्षांत स्त्रियांच्या आयुष्यावर सर्वाधिक प्रभाव टाकणाऱ्या सात जणींची यादी केली. मार्गारेट थॅचर यांच्या त्या यादीत जयाबेन देसाई हेही नाव होते.