यौवनारंभ : मुलींमधील शरीरबदल आणि आहारवृत्ती

वयात येताना मुलींच्या शरीरात होणारे बदल आणि त्या काळात अन्न, भूक व स्वतःचा बांधा यांविषयी घडत जाणारी मनोवृत्ती.

शरीरबदल : यौवनारंभ सर्वसाधारणपणे ८ ते १३ या वयात होतो. स्तनांची वाढ हे बहुधा पहिले लक्षण. त्यानंतर सुमारे दोन-अडीच वर्षांनी पहिली पाळी येते. उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती त्याआधी. इस्ट्रोजेनमुळे नितंब व मांड्यांवर मेद साठतो. मेदपेशींतून स्रवणारे लेप्टिन शरीरात पुरेसा ऊर्जासाठा असल्याचे मेंदूला कळवते. पाळी सुरू होण्यास व टिकण्यास ही सूचना आवश्यक असते. म्हणजेच या वयात वजन वाढणे हा वाढीचाच भाग आहे.

आहारवृत्ती : बांधा भरू लागतो त्याच वयात सडपातळपणाचे कौतुक मुलींच्या कानी पडते. याचे एक उदाहरण फिजीचे. तेथे भरदार अंगलट पूर्वापार सुस्थितीची खूण मानली जाई. तेथील नाड्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली. संशोधक ॲन बेकर व सहकाऱ्यांनी त्या वर्षी आणि १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. आहारवृत्तीच्या प्रश्नावलीत धोक्याच्या पातळीवर असलेल्यांचे प्रमाण १२.७ वरून २९.२ टक्क्यांवर गेले. वजन घटवण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी मुलगी आधी एकही आढळली नव्हती. नंतर हे प्रमाण ११.३ टक्के भरले.

भारतातील स्थिती : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. यासाठी शाळा व अंगणवाड्यांतून आठवड्याला लोह आणि फॉलिक आम्लाची निळी गोळी दिली जाते. पण अनेक घरांत सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर उरलेसुरले खाणाऱ्या आईकडे पाहून मुलगीही भूक मारायला शिकते. त्यात ‘जाड झालीस’ या शेऱ्याची भर पडली, की रक्त व हाडे घडण्याच्या ऐन काळातच आहार तुटतो.

लक्षणे व काळजी : डबा भरलेला परत येणे, सतत वजन पाहणे, जेवल्याबरोबर न्हाणीघरात जाणे, सुरू झालेली पाळी बंद होणे या खुणा दिसल्यास डॉक्टरांचा व गरजेनुसार मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. भाकरी, डाळ-उसळ, पालेभाजी, दूध-दही आणि घरात चालत असल्यास अंडी-मासे हा आहार मुलीला पोटभर व सर्वांच्या बरोबरीने मिळावा. तिच्या अंगलटीवर घरात कोणीही शेरा मारू नये.