एक्सा ब्लेड घेताय? आधी दात मोजा

गोंदिया : रोवणीचे दिवस, बांधीत चिखलणी सुरू, पऱ्हे धुऱ्यावर येऊन पडलेले, अन् नेमका त्याच दिवशी मोटरचा जीआय पाइप फुटतो. पेटीतून एक्सा काढायची, दहा-बारा हात मारायचे आणि ब्लेड कडकन तुटते. पेटीत दुसरे नाही, बाजार लांब. मागच्या हंगामात माझ्यावर हीच वेळ आली. रोवणीच्या बाया बांधावर बसून राहिल्या, मजुरी मात्र द्यावीच लागली. नंतर तुटलेला तुकडा पाहिला तर तो अठरा दातांचा निघाला. म्हणजे चूक ब्लेडची कमी, माझी जास्त. दुकानात जाऊन "एक एक्सा ब्लेड द्या" एवढेच म्हटले होते.

आपल्याकडे याला कोणी एक्सा म्हणते, कोणी आक्सा, कोणी आरीपत्ती. मूळ शब्द हॅकसॉ. लोखंड कापायची हातकरवत. ग्राइंडर आल्यापासून ती मागे पडली, पण शेतात लाइन नसते, पाऊस चालू असतो, तेव्हा हीच कामी येते. ओल्या बांधीत वायर ओढून ग्राइंडर चालवण्याच्या भानगडीत तर पडूच नये.

माप सोपे आहे. बहुतेक फ्रेमला 12 इंची म्हणजे 300 मिलिमीटरचे ब्लेड बसते. हे माप दोन भोकांमधल्या अंतराचे. काही फ्रेमला 10 इंचीही लागते. खात्री नसेल तर जुना तुकडा सोबत न्या.

खरी गोष्ट दातांची. ब्लेडवर 18, 24 किंवा 32 असा आकडा छापलेला असतो, तो एका इंचात किती दात आहेत त्याचा. काही ब्लेडवर तोच हिशोब मिलिमीटरमध्ये असतो : दोन दातांमधले अंतर 1.4 म्हणजे 18 दात, 1.0 म्हणजे साधारण 24 आणि 0.8 म्हणजे 32. छपाई पुसली असेल तर पोराच्या कंपासपेटीतली पट्टी लावून मोजा, लाजू नका.

नियम एकच आहे : कापताना कमीत कमी तीन दात एकाच वेळी धातूवर टेकलेले पाहिजेत. एक इंची जीआय पाइपची भिंत असते जेमतेम तीन मिलिमीटरची. अठराच्या ब्लेडचे तिच्यावर दोनच दात बसतात. मग भिंत दोन दातांच्या फटीत अडकते, आपण जोर लावतो, आणि दात उडतात किंवा ब्लेडच मोडते. माझ्याकडे हेच झाले. म्हणून पाइप, तीन मिलिमीटरचा अँगल, सळाख यांना 24 घ्यावे. पत्रा, पातळ नळी, विजेचा कंड्युट पाइप यांना 32. बंडीचा जाड बोल्ट, भरीव रॉड, जाड पट्टी यांना 18. तिथे 24 चे ब्लेड चालते, पण बारीक दातांत भुसा भरतो आणि वेळ दुप्पट लागतो. पीव्हीसीला 24 असले की झाले. घरी एकच ठेवायचे असेल तर 24 ठेवा.

आता कशाचे घ्यायचे. सर्वात स्वस्त ते कार्बन स्टीलचे. घासून तापले की त्याची धार बसते. घाईत हात चालवणाऱ्याचे ते एका पाइपात संपते. हायस्पीड स्टीलचे, ज्यावर एचएसएस लिहिलेले असते, ते तापले तरी टणक राहते. पण त्यातले पूर्ण कडक ब्लेड काचेसारखे मोडते आणि तुकडा डोळ्याकडे उडू शकतो. ते शिकंज्यात घट्ट धरलेल्या कामालाच बरे. तिसरे बायमेटल : दातांची कड हायस्पीड स्टीलची, पाठ लवचिक स्प्रिंग स्टीलची, दोन्ही जोडलेली. वाकवले तर कमानीसारखे वाकते आणि सोडले की सरळ होते. भाव साध्याच्या कितीतरी पट, हे खरे. पण शेतात पाइप कोणी शिकंज्यात धरत नाही, पायाखाली दाबून वाकडे-तिकडे कापतो. तिथे साधी तीन मोडतात तेव्हा हे एक टिकते. माझ्या मते शेतकऱ्याने बायमेटलच घ्यावे. पूर्ण कडक ब्लेड दुकानात वाकवून पाहू नका, पैसे भरावे लागतील.

सुटे, गंजलेले, नाव-आकडा नसलेले ब्लेड घेऊ नये. तेलकट कागदात किंवा पाकिटात असलेले मागा.

बसवताना दात पुढे, म्हणजे मुठीपासून दूर तोंड करून. कापते ते ढकलताना, ओढताना नाही. परत येताना जोर काढा. विंगनट घट्ट आवळा, सैल ब्लेड वाकते आणि मोडते. मिनिटाला चाळीस-पन्नास हात पुरेत, पूर्ण लांबी वापरा. आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये पोरांना हे आधी शिकवतात, आपण मात्र पाच इंचातच घासत बसतो आणि मधलेच दात झिजवतो.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. अर्ध्यात ब्लेड मोडले तर नवे त्याच चिरेत घालू नका. जुन्याचे दात झिजून चीर अरुंद झालेली असते, नवे तिथे अडकते आणि लगेच मोडते. पाइप फिरवून दुसऱ्या बाजूने सुरुवात करा.

ट्रॉलीचा कमानपाटा, विळ्याचे पाते, बेअरिंग असल्या पाणी दिलेल्या पोलादावर कोणतेही एक्सा ब्लेड घालू नका. आधी कानस मारून बघा. कानस नुसती घसरली तर ब्लेडही घसरणार. टीएमटी सळाखेची वरची साल आतल्यापेक्षा कडक असते, तिथे साधे ब्लेड लवकर बोथट होते. सुरुवात हळू करा.

काम झाले की ब्लेड पुसून तेलाचा हात फिरवा आणि विंगनट थोडा सैल करून ठेवा. मोडलेले तुकडे फेकू नका. एका टोकाला चिंधी गुंडाळली की अडचणीतला बोल्ट, जिथे फ्रेम शिरत नाही, तो त्याच तुकड्याने कापता येतो. माझ्या सपरीतल्या डब्यात असे सात-आठ तुकडे आहेत, त्यात तो अठरावालाही आहे.